शाळेतल्या मावशी, शिपाईकाका, बसचालक यांना बालसुरक्षेचं प्रशिक्षण खरंच लागतं का? त्यात काय शिकवावं?

लागतंच, आणि ते शाळेच्या मर्जीवर नाही. पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा; त्याच्या २०२० च्या नियमांनुसार शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचीही पोलीस पडताळणी आणि वेळोवेळी प्रशिक्षण करावंच लागतं. तरी अनेकदा हॉलमध्ये शिक्षक बसतात आणि मावशी बाहेर चहाचे कप विसळत असतात. मला याची फार चीड येते, कारण वर्गात न दिसणारं त्यांनाच आधी दिसतं. रोज धावत येणारं पोर एका ठरावीक सीटजवळ बिचकतं, बाथरूमला एकटं जायला घाबरतं.

सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीला द्या: मुलानं काही सांगितलं तर काय करायचं. त्याच्या उंचीला येऊन बसायचं, ऐकायचं. खोदून विचारायचं नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर मुळीच द्यायचं नाही. मग त्याचेच शब्द मुख्याध्यापकांना सांगायचे आणि पोलिसांना कळवायचं. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे हे प्रत्येकावर बंधनकारक आहे, मावशींवरसुद्धा. वरचे गप्प बसले तर थेट पोलीस ठाणं गाठायचं. मदतीला १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच. हे सगळं प्रत्यक्ष करून घ्या, नुसत्या स्लाइड नकोत.

सत्र ड्यूटीच्या वेळेतच ठेवा. शाळा सुटल्यावर ठेवलंत तर मावशींचं निम्मं लक्ष शेवटच्या एसटीकडे असतं.