नव्या छोट्या टॉर्चचा आराखडा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे लेथचे वर्कशॉप आहे. ट्रेकर्ससाठी खिशात मावणारी टॉर्च बनवायची आहे. एक १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम सेल), अॅल्युमिनियमची बॉडी, लांबी १०५ मिमी, व्यास २५ मिमी, सेलशिवाय वजन ७५ ग्रॅम, कमाल उजेड १२०० लुमेन (टॉर्चमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचे माप), बटण बाजूला, चार्जिंग टाइप-सी. एलईडीखालची १.५ मिमीची चकती डोक्यात दाबून बसवली आहे. काय बदलावे? (कोल्हापूर)

उत्तर : आकार नेमका निवडला आहे. ही टॉर्च मुठीत बसते आणि पँटच्या खिशातही टोचत नाही. आमची हरकत आहे ती १२०० या आकड्यावर.

१२०० लुमेनसाठी एलईडी आणि सर्किट मिळून साधारण १२ वॅट खाणार. त्यातल्या सुमारे ८ वॅटची उष्णता होणार. ७५ ग्रॅम अॅल्युमिनियम एक अंश तापायला साधारण ६७ ज्यूल लागतात, म्हणजे बॉडी मिनिटाला सात अंशांच्या आसपास चढेल. संध्याकाळी ३० अंशांवर सुरू केलेली टॉर्च तीन-चार मिनिटांत ५५ ला पोहोचेल आणि हातात धरवणार नाही. या आकाराची बॉडी हवेत सतत टाकू शकते ती दोन-अडीच वॅट उष्णता. तेव्हा टिकणारा उजेड ३५० ते ४५० लुमेन. ३५०० एमएएचचा सेल म्हणजे १२.६ वॅट-तास, त्यावर ४०० लुमेन तीन तासांच्या आसपास मिळतील. चांगल्या टॉर्चची ही खरी ओळख आहे, खोक्यावर हाच आकडा ठळक छापा.

आता ती दाबून बसवलेली चकती. ती काढाच. कितीही घट्ट बसवली तरी कडेला हवेची बारीक फट राहते. एलईडी तापतो आणि बॉडी मात्र गार लागते. वापरणाऱ्याला वाटते सगळे ठीक आहे, पण आत एलईडी भाजत असतो. डोके आणि एलईडीचा ओटा (एलईडी टेकतो ती बैठक) एकाच दांड्यातून टर्न करा, ओटा किमान ३ मिमी जाड ठेवा, वरची बाजू सपाट फेस करा. एलईडी जिच्यावर जोडलेला असतो ती पाटी तांब्याची घ्या. थर्मल पेस्ट (फटी भरून उष्णता पुढे नेणारा लेप) अगदी पातळ लावा, जाड थर उष्णता अडवतो. टॉर्च तापल्यावर उजेड कमी करण्याचे काम टायमरवर सोडू नका, तापमानाच्या सेन्सरला द्या. जानेवारीत कड्यावर गार वारा असताना हीच टॉर्च जास्त उजेड टिकवू शकते, टायमरवाली ते जमू देत नाही.

उजेडाचे टप्पे १, ३०, १५० आणि ४०० लुमेन असे ठेवा, १२०० साठी बटण दोनदा दाबावे लागू दे. एक लुमेनचा टप्पा खर्चासाठी गाळू नका. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात, ती तंबूत चप्पल शोधताना वाया जाऊ नयेत. काजवे पाहायला भंडारदरा किंवा पुरुषवाडीला जाणाऱ्यांनाही हाच टप्पा लागतो. लुकलुकणारा झोत टप्प्यांच्या साखळीत नकोच.

बाजूच्या बटणाचा त्रास खिशात कळतो. चुकून दाबले गेले आणि तोंड कापडाला टेकलेले असले तर पूर्ण उजेडाने कापड जळते. बटण कडेपेक्षा अर्धा मिमी आत घ्या. शेपटीची टोपी पाव फेरा सैल केली की वीज तुटली पाहिजे. त्यासाठी आट्यांवर अॅनोडायझिंग (अॅल्युमिनियमवरचा वीज न वाहणारा थर) राहू द्या, नळीची फक्त गोल कड उघडी ठेवा. आटे उघडे राहिले तर त्यांतूनच वीज वाहते आणि टोपी फिरवून काही होत नाही. टॉर्च बंद असतानाचा वीजखर्चही मोजा. २० मायक्रोअँपिअर चालेल, पण १ मिलिअँपिअर असेल तर ३००० एमएएचचा सेल चार महिन्यांत कपाटातच रिकामा होईल.

स्प्रिंग दोन्ही टोकांना द्या. साधा सेल ६५ मिमीचा असतो, संरक्षण-सर्किटवाला ६९-७० पर्यंत जातो, दोन्ही बसले पाहिजेत. एकाच बाजूला स्प्रिंग असली की टॉर्च आपटताच सेल सरकतो, क्षणभर संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. पोलादी स्प्रिंग टाळा, ती विजेला जास्त अडवते. तीन अँपिअरला ५० मिलिओहमही ०.१५ व्होल्ट खातात. फॉस्फर ब्राँझची (तांब्याच्या मिश्रधातूची) घ्या.

प्रश्न : खोक्यावर २५० मीटर लिहिले आहे, पण शंभर मीटरवरची पायवाटही नीट दिसत नाही. फसवणूक आहे का? (ठाणे)

उत्तर : नसावी. २००९ पासूनच्या एएनएसआय एफएल१ या टॉर्चसाठीच्या अमेरिकन मानकात अंतर मोजतात ते उजेड ०.२५ लक्सवर (लक्स म्हणजे समोरच्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप) उतरेपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तेवढ्यात दगड आणि वाट वेगळे ओळखू येत नाहीत. छापलेल्या अंतराच्या निम्मे धरा, तिथे उजेड चौपट असतो. कँडेलाचा (झोताच्या तीव्रतेचा) आकडा दिला असेल तर त्याचे वर्गमूळ काढून दुप्पट करा : १५,६२५ कँडेला म्हणजे २५० मीटर. एका चार्जवर टॉर्च किती वेळ चालते तो आकडाही असाच वाचा. सुरुवातीच्या उजेडाच्या दहा टक्के उरेपर्यंतचा तो वेळ असतो. वेळेनुसार उजेड कसा उतरतो याचा आलेख दिला नसेल तर निर्मात्याकडे मागा.

प्रश्न : नवी टॉर्च जुन्या चार्जरवर चार्ज होते, फोनच्या दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलवर होत नाही. (नाशिक)

उत्तर : टॉर्चच्या सर्किटमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर गाळलेले दिसतात. ते दिसल्याशिवाय टाइप-सी चार्जर वीज सोडतच नाही. जुना चपट्या तोंडाचा चार्जर मात्र काही न विचारता पाच व्होल्ट देतो. जुन्या चार्जरची केबलच वापरत राहा, टॉर्चला धोका नाही. कोल्हापूरच्या वाचकांनी मात्र हे दोन रेझिस्टर आराखड्यात आताच घालावेत.

प्रश्न : पावसाळ्यात धुक्यात टॉर्च लावली की समोर पांढरी भिंत उभी राहते. जास्त लुमेनची घ्यावी का? (पुणे)

उत्तर : जास्त लुमेनने भिंत आणखी पांढरी होईल. धुक्याचे थेंब उजेड डोळ्यांकडे परत फेकतात, म्हणून डोक्यावरचा दिवा तिथे सर्वांत वाईट. टॉर्च कमरेच्या खाली धरा, १०० ते १५० लुमेनवर ठेवा आणि झोत पावलांपुढे तीन-चार मीटरवर पाडा. ४००० केल्विनच्या (उजेडाच्या पिवळट-निळसर छटेचे माप) आसपासचा, नव्वदच्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) असलेला एलईडी घेतला तर शेवाळलेला दगड आणि ओला दगड वेगवेगळे दिसतात.