फुटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकाची कामगिरी जोखायची कशी?

तुमचा प्रश्न असा आहे: नव्या प्रशिक्षकाचे दहा लीग सामने झालेत, विजयाची टक्केवारी आधीच्या प्रशिक्षकापेक्षा कमी आहे, मग तो अपयशी ठरला असं म्हणायचं का? नाही. दहा निकालांवरून तसं ठरवता येत नाही, आणि विजयाची टक्केवारी हा तर मुळातच कच्चा आकडा आहे.

एका संघाने ३८ पैकी १५ सामने जिंकले, १५ बरोबरीत सोडवले, ८ हरले. दुसऱ्याने १७ जिंकले, ६ बरोबरीत, १५ हरले. टक्केवारीत दुसरा पुढे, ४५ विरुद्ध ३९. विजयाला ३ आणि बरोबरीला १ गुण मिळतो, त्यामुळे गुण मात्र पहिल्याचे ६० आणि दुसऱ्याचे ५७. शिवाय या टक्केवारीत बहुतेक वेळा चषकाचे सामने आणि खालच्या विभागातल्या संघांवरचे विजयही मिसळलेले असतात. म्हणून फक्त लीगचे सामने घ्या आणि दर सामन्यामागे किती गुण मिळाले ते काढा.

आता योगायोगाचा वाटा पाहू. समजा, एखादा मध्यम संघ ३७ टक्के सामने जिंकतो आणि २६ टक्के बरोबरीत सोडवतो, म्हणजे दर सामन्याला १.३७ गुण. दहा सामन्यांत त्याने साधारण १४ गुण मिळवावेत. पण संघाचा दर्जा तसूभरही न बदलता हा आकडा १० किंवा १८ होऊ शकतो. अशा दहा-दहा सामन्यांच्या दर तीन टप्प्यांपैकी एकात तर याहूनही मोठी तफावत पडते. पूर्ण ३८ सामन्यांच्या हंगामातही आठेक गुण इकडचे तिकडे होतात, आणि गुणतालिकेच्या मध्यावर आठ गुण म्हणजे सहज चार-पाच क्रमांक.

त्यामुळे निकालांच्या आधी खेळ बघावा लागतो. यासाठी सर्वात उपयोगी आकडा अपेक्षित गोलांचा, म्हणजे एक्सजीचा. प्रत्येक शॉट कुठून, कसा मारला गेला यावरून त्याचा गोल होण्याची शक्यता काढतात आणि बेरीज करतात. आपल्या संघाच्या एक्सजीतून प्रतिस्पर्ध्याचा एक्सजी वजा करा, पेनल्टी मात्र आधी काढून टाका. एकेक पेनल्टी पाऊण गोलाहून थोडी जास्त धरली जाते, त्यामुळे दोन-तीन पेनल्टींनी दहा सामन्यांचं चित्र पार बदलतं. आघाडी घेतलेला संघ मागे सरकतो आणि पिछाडीवरचा शॉट मारत सुटतो, म्हणून गुणफलक बरोबरीत असतानाचे आकडे वेगळे मिळाले तर तेच पाहा. कुणाला रेड कार्ड मिळालं असेल तर त्यानंतरची मिनिटं वगळा.

प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांचा डॉर्टमंड या जर्मन क्लबमधला शेवटचा हंगाम याचं चांगलं उदाहरण आहे. २०१४-१५ च्या हिवाळी सुट्टीत संघ १८ पैकी १७ व्या स्थानावर होता, पण शॉटचे आकडे तळाच्या संघाचे नव्हते. संघ अखेर सातवा आला. ऑक्टोबर २०१५ मध्ये लिव्हरपूलने क्लॉप यांना घेतलं आणि २०२० मध्ये इंग्लंडची लीग जिंकली.

लेस्टर सिटी या इंग्लिश क्लबची गोष्ट उलट आहे. २०१५-१६ मध्ये क्लॉडियो रॅनिएरींच्या संघाने ८१ गुणांसह विजेतेपद मिळवलं, गोलफरक (केलेले गोल वजा झालेले गोल) होता ३२. ३८ सामन्यांच्या लीगमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो: ५२ गुण, अधिक गोलफरकाच्या ०.६५ पट. तो लावला तर लेस्टरचे साधारण ७३ गुण होतात. ही कामगिरीही अचाट आहे, पण पुढच्या हंगामाची अपेक्षा ८१ वरून बांधायला नको होती. त्यात मधल्या फळीतला एन्गोलो कांते चेल्सीला गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये रॅनिएरींना काढलं गेलं.

दुसरा आधार आहे साधनांचा. प्रशिक्षकाच्या हाती काय दिलं होतं, हे कळण्यासाठी खेळाडूंच्या वेतनाच्या एकूण खर्चात क्लब लीगमध्ये कितवा आहे ते पाहा. दीर्घ काळात गुणतालिकेतलं स्थान याच क्रमांकाच्या आसपास राहतं. खेळाडू खरेदीचा खर्च ही त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण करार संपल्यावर फुकट आलेले आणि अकादमीतून वर आलेले खेळाडू त्यात दिसतच नाहीत. वेतनात अकरावा असलेला संघ दोन-तीन हंगाम सातवा-आठवा येत असेल, तर त्या प्रशिक्षकाकडे नक्की काहीतरी आहे.

आधीच्या प्रशिक्षकाशी तुलना करताना सर्वात जास्त फसगत होते. हकालपट्टी सहसा संघ तळाशी पोहोचल्यावर होते, आणि तळाशी दर्जासोबत दुर्दैवही असतं. पुढे निकाल सुधारतात, श्रेय नव्याला जातं. नेदरलँड्सच्या लीगच्या अभ्यासात दिसलं, की तितक्याच वाईट टप्प्यात प्रशिक्षक न बदललेले संघही जवळपास तसेच सावरले.

झाबी अलोन्सो यांचंच बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते लेव्हरकुसेन या जर्मन क्लबचे प्रशिक्षक झाले, तेव्हा संघ आठ सामन्यांत ५ गुणांसह १७ वा होता. त्यांनी तो सहाव्या स्थानावर आणला, आणि सगळे चमत्कार म्हणू लागले. पण उरलेल्या २६ सामन्यांत (जर्मन लीगमध्ये हंगामाचे सामने ३४ असतात) मिळाले ४५ गुण, म्हणजे दर सामन्याला १.७३. हाच क्लब त्याआधीच्या हंगामात ६४ गुणांसह तिसरा आला होता, दर सामन्याला १.८८. म्हणजे पहिल्या वर्षी संघ फक्त आपल्या नेहमीच्या पातळीजवळ परतला. खरा पुरावा आला २०२३-२४ मध्ये: एकही पराभव न होता ९० गुण आणि विजेतेपद. त्यातही झाका, ग्रिमाल्डो, बोनिफेस हे नवे खेळाडू आले होते, त्यामुळे खेळाडूंची खरेदी पाहणाऱ्या क्रीडा संचालकाचा वाटाही मोजायला हवा.

हा वाटा वेगळा काढणं मला फार महत्त्वाचं वाटतं. बऱ्याच क्लबांत मुख्य प्रशिक्षक खेळाडू विकत घेत नाही. चुकीच्या खरेदीचा राग त्याच्यावर काढणं हा अन्याय आहे. संघाची मांडणी, चेंडूवरचा दबाव, कॉर्नर आणि फ्री किकची तयारी, तरुणांना दिलेली मिनिटं, आधीपासून असलेल्या खेळाडूंची प्रगती हे मात्र त्याच्या हातात असतं. शेवटच्या मुद्द्यावर वयाचं भान ठेवा, २१ वर्षांचा खेळाडू कुणाच्याही हाताखाली थोडाफार सुधारतोच.

तुमच्या दहा सामन्यांपुरतं बोलायचं तर मागच्या हंगामातले तेच सामने काढा, घरचे घरी आणि बाहेरचे बाहेर. खालच्या विभागातून बढती मिळून आलेल्या संघांच्या जागी मागच्या हंगामाअखेर खाली घसरलेले संघ क्रमाने धरा, खालच्या विभागाचा विजेता म्हणजे घसरलेल्यांतला सर्वात वरचा. गुण आणि एक्सजीतला फरक शेजारी-शेजारी लिहा. गुण कमी, पण एक्सजी वाढलेला असेल तर थांबा. दोन्ही घसरले असतील, तर दुखापतीमुळे किती नियमित खेळाडू बाहेर होते ते मोजा. एवढं करूनही घसरण उरली आणि आणखी दहा सामन्यांत ती तशीच राहिली, तर प्रशिक्षकावर बोट ठेवायला आधार मिळतो.