सरपणासाठी चेनसॉ : आधी लाकूड बघा, मग चेन, इंजिन शेवटी

मुंबईतल्या गोराई, मनोरी आणि आरेतल्या पाड्यांवरून आलेले तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तर एकत्रच देत आहोत. वाऱ्याने पडलेली सुरू, माड आणि आंब्याच्या फांद्या सरपणासाठी कापायला कोणती चेनसॉ घ्यावी? ५८ सीसीची, २२ इंची बारची (बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) मशीन आणली, पण अर्ध्या तासात चेन बोथट होते, असं का? आणि नवी चेन घातली तरी काप तिरपा का जातो?

मशीनचं आधी उरकू. घरच्या सरपणाचं लाकूड बहुधा ८ ते १२ इंच जाडीचं असतं. त्याला ३५ ते ४० सीसीचं इंजिन आणि १४ ते १६ इंची बार भरपूर झाला. बार ओंडक्याच्या जाडीपेक्षा दोन इंच लांब असला की पुरे. कधीतरी जाड बुंधा आलाच तर दोन्ही बाजूंनी कापता येतो. २२ इंची बार दुकानात रुबाबदार दिसतो, पण त्याचं टोक ओंडक्यापलीकडे जमिनीत घुसतं आणि चेनची धार तिथेच जाते. अशी मशीन हातात आलीच असेल तर तिलाच बसणारा १८ इंची बार आणि त्याच्या मापाची चेन घ्या. अंगणातल्या अंगणात कापायचं असेल तर २००० वॅटची विजेवरची चेनसॉ चांगली. मात्र १६ अँपिअरचा प्लग आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर हवी, आणि ओल्यात ती चालवायची नाही. हातातल्या ग्राइंडरला चेन लावायचे स्वस्त जोड मिळतात, ते घेऊ नका. त्याला चेन थांबवणारा ब्रेक नसतो आणि ग्राइंडरचा वेग चेनसाठी ठरवलेला नसतो.

चेन घेताना ‘१६ इंची द्या’ एवढं सांगून भागत नाही. तीन गोष्टी जुळाव्या लागतात : पिच, गेज आणि खालच्या कड्यांची संख्या. बहुतेक बारवर मोटरच्या बाजूला हे आकडे कोरलेले असतात. पुसले असतील तर मोजा. सलग तीन रिव्हेटांमधलं अंतर निम्मं केलं की पिच मिळतो : तीन रिव्हेटांत साधारण १६.५ मिलिमीटर भरले तर .३२५ इंच, १८.६ च्या आसपास भरले तर ३/८ इंच. गेज म्हणजे बारच्या खाचेत धावणाऱ्या कडीची जाडी, १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. संख्या मात्र बोटाने कड्या मोजूनच. ३/८ मध्येही दोन प्रकार आहेत, लहान मशीनची बुटकी ‘लो प्रोफाइल’ आणि मोठ्या मशीनची पूर्ण ३/८. नाव सारखं असलं तरी एकीची चेन दुसरीच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, चढवू नका.

तिरप्या कापाचं एक कारण इथेच सापडतं. १.५ च्या खाचेत १.३ ची चेन बसवली की ती डोलते आणि काप एका अंगाला जातो. बारची खाच झिजून रुंद झाली असेल तरी हेच होतं. आणि जुन्या चेनचे उजवे-डावे दात कमी-जास्त घासले गेले असतील तर काप लांब दातांच्या बाजूला ओढला जातो. अशा वेळी सगळ्यात आखूड दात शोधून बाकीचे त्याच लांबीला आणावे लागतात.

आता बोथट होण्याबद्दल. किनाऱ्यावरच्या सुरूच्या सालीत वाळू अडकलेली असते, जमिनीवर पडलेल्या माडालाही चिकटलेली असते. वाळू पोलादाची धार खाते. त्यात कोपऱ्याशी टोकदार दाताची ‘फुल चिझल’ चेन असली तर ती आधी हरते. आपल्याकडच्या लाकडाला गोलसर कोपऱ्याची ‘सेमी चिझल’ घ्या; ताज्या लाकडात थोडी हळू चालते, पण कितीतरी जास्त टिकते. कापायच्या जागेची साल कोयत्याने काढून, ब्रशने झाडून घ्या. शहरातल्या झाडांत जाहिरातींचे खिळे आणि तारा निघतात, त्यामुळे रस्त्याकडच्या बुंध्यावर आधी हात फिरवा. माडाचे धागे स्प्रॉकेटच्या झाकणात गच्च भरतात, झाकण उघडून काढत जा. सुरू ओली असतानाच कापा. वाळली की दगड होते.

भुशाऐवजी पीठ पडायला लागलं किंवा मशीन दाबावी लागली, की धार गेली समजा. .३२५ ला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, लो प्रोफाइलला ४ ची. ३० अंशात, आतून बाहेर, प्रत्येक दाताला दोन-तीन सारखे हात, टाकी भरायच्या प्रत्येक वेळी. दातापुढचा बुटका खुंट दातापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तो घासताना घाई नको, जास्त घासला तर चेन उड्या मारते. चेन उलटी बसवली तरी ती कापत नाही : बारच्या वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे बघायला हवी.

चेनचं तेल वेगळं, पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोक तेल वेगळं. वापरलेलं इंजिन ऑइल चेनला नको. मिश्रण पुस्तिकेप्रमाणे : ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, २५ ला १ म्हणजे ४०. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मुंबईच्या दमट हवेत पाणी ओढतं, म्हणून महिन्याचं मिश्रण एकदम करू नका. काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. थंड चेन बारला टेकलेली पण हाताने सहज फिरणारी ठेवा. गरम असताना ताणलेली चेन थंड होऊन आवळते, ती लगेच सैल करा.

कापताना बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नका. मशीन तिथूनच उलटून अंगावर येते. दोन्ही टोकांना टेकलेल्या ओंडक्याला वरून एक तृतीयांश कापून बाकीचं खालून घ्या. एकाच टोकाला टेकलेल्याला आधी खालून, मग वरून, म्हणजे बार अडकत नाही.

उभं झाड, मग ते वाळलेलं आणि तुमच्याच जागेतलं का असेना, १९७५ च्या झाडे संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तोडू नका. पडलेल्या झाडासाठीही आधी फोटोसह अर्ज करा. खाडीकाठच्या तिवरांना मात्र सुकलेली फांदी म्हणूनसुद्धा हात लावायचा नाही.