आधी पिशवी ओत

प्रिय डॉक्टर,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. वडगावच्या त्या ८४ वर्षांच्या आजी, अकरा गोळ्या, खाटेवरून उठलं की 'डोस्कं गरगरायलंय' ही तक्रार. आणि तुझं विचारणं असं की घरोघरी जायचं तर पोर्टेबल ईसीजी आधी घ्यावा की सोनोग्राफीचं छोटं मशीन. अगदी शेवटी, जवळजवळ लाजत, खरा प्रश्न आलाय: 'मोठ्या डॉक्टरांनी सुरू केलेल्या गोळ्या मी कशा बंद करू?' मशीनचं तुझं तू बघ. या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहितोय.

औषधांची पिशवी ओतलीस का? 'औषधं बघितली' असं लिहिलंयस. सूनबाईनं हातात ठेवलेल्या चार स्ट्रिपा चाळणं म्हणजे पिशवी बघणं नव्हे. अंथरुणावर पेपर पसर आणि पिशवी उलटी कर. मग फ्रीजच्या दारात काय आहे ते माग, देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यातलं माग, उशीखालचं माग, बिस्किटाच्या डब्यातलं माग. डोळ्यात घालायचे थेंब मुद्दाम विचार, कारण घरच्यांच्या लेखी ते औषधच नसतं. काचबिंदूसाठी दिलेल्या टिमोलॉलच्या थेंबांनी नाडी मंदावते, दम्याच्या माणसाला धाप लागते. जोडीला बीपी-हृदयासाठीची मेटोप्रोलॉल गोळी असली की नाडी पन्नाशीच्या खाली, आणि आपण ईसीजीचं मशीन शोधत बसतो. चूर्ण, काढा, 'अंगदुखीची पुडी' हेही त्याच पेपरवर येऊ दे. बिननावाच्या पुडीत डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक आणि स्टिरॉइड दोन्ही असू शकतात. चेहरा गोल झालाय, शुगर अचानक चढलीय, आणि 'त्या पुडीनं बरं वाटतंय' म्हणतात, तर सावध हो.

आपल्या भागात हे जास्तच होतं. निपाणी-चिकोडीकडचा माणूस कोल्हापूर-मिरजेला दाखवतो, खानापूरकडचा बेळगावात, लेक गोव्यात असली तर तिकडचीही एक फाईल. प्रत्येकानं आपली गोळी लिहिली, दुसऱ्याची कोणी काढली नाही. बीपीचं टेल्मिसार्टन एका नावानं कोल्हापूरचं, दुसऱ्या नावानं बेळगावचं. स्ट्रिपचा रंग वेगळा, म्हणून घरात ती दोन औषधं. तेव्हा कंपनीचं नाव सोड, खाली बारीक अक्षरात छापलेलं मूळ नाव वाच. मेडिकलवाल्यानं पाचच गोळ्या कापून दिल्या असतील तर नाव आणि तारीख उरलेल्या तुकड्यावर गेली. असा बिननावाचा तुकडा आजींच्या पोटात जाता कामा नये. पाकिटावर वेळ कन्नडमध्ये लिहिलेली आणि आजींना फक्त बाळबोध वाचता येतं, हेही नेहमीचंच.

आता मोज. याचा सगळ्यांना कंटाळा, आणि इथंच निम्मं निदान असतं. बिलावर ३० गोळ्या, २२ दिवस उलटले, स्ट्रिपमध्ये २४ शिल्लक. म्हणजे घेतल्या फक्त सहा. ओपीडीत बीपी १७० आलं, डॉक्टरांना वाटलं औषध पुरत नाही, त्यांनी दुसरं वाढवलं, पुढच्या खेपेला तिसरं. मग दिवाळीत लेक आली आणि तिनं नेमानं तिन्ही गोळ्या भरवल्या. चौथ्या दिवशी आजी मोरीत पडल्या. चूक लेकीची नव्हे आणि गोळीचीही नव्हे. पिशवी कोणी ओतलीच नव्हती.

बीपी आडवं झोपवून पाच मिनिटांनी घे. मग उभं करून पहिल्या मिनिटाला आणि पुन्हा तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर गरगरण्याचं एक कारण तुझ्या हातात आलं. उभं राहता येत नसेल तर खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसव. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, काटकुळ्या दंडाला मोठा पट्टा गुंडाळलास तर आकडा खोटा कमी येतो. बॅगेत दोन मापांचे पट्टे ठेव. मशीनपेक्षा ते जास्त उपयोगी.

किडनीकडे तर कोणी बघतच नाही. रिपोर्टवर क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) १.१, पुढं धोक्याची चांदणी नाही, म्हणून 'नॉर्मल'. आजींचं वजन ४५ किलो धर. १४० मधून वय वजा कर, वजनानं गुण, ७२ गुणिले क्रिएटिनिननं भाग, बाई असल्यानं ०.८५ नं गुण. हे उत्तर म्हणजे किडनीची गाळण्याची ताकद, मिनिटाला २७ मिलिलिटरच्या आसपास. या किडनीला शुगरची ग्लिबेनक्लामाइड म्हणजे पहाटे शुगर धोक्याइतकी खाली, आणि शुगरच्याच मेटफॉर्मिनचाही फेरविचार आलाच. वजन अंदाजानं लिहू नकोस. आजींना काट्यावर उभं राहता येत नसेल तर मुलाला त्यांना उचलून काट्यावर उभं कर आणि त्याचं एकट्याचं वजन वजा कर.

आता बंद करण्याचं. दुप्पट आलेली गोळी त्याच दिवशी काढ, त्यात विचारायचं काही नाही. वेदनाशामक काढ आणि पॅरासिटामॉल दे, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. शुगर कमी करणारी जुनी गोळी सैल कर. अशा थकलेल्या माणसाचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) आठच्या आसपास असलं तरी पुष्कळ. सहाचा आकडा बघून टाळ्या वाजवू नकोस, घाबर. त्यानंतर एका वेळी एकच औषध, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा जाऊन तेच मोजमाप. दोन एकदम काढलीस तर फरक कशानं पडला ते तुलाही कळणार नाही.

काही औषधं एकदम तोडायची नाहीत: मेटोप्रोलॉल-ॲटेनोलॉल, क्लोनिडिन या बीपीच्या गोळ्या, फिटची गोळी, पार्किन्सनची गोळी, काही आठवडे चाललेलं स्टिरॉइड. झोपेची क्लोनाझेपाम तर दर दोन आठवड्यांनी पाव हिश्शानं उतरव, शेवटी आणखी सावकाश. स्टेंट टाकून वर्ष झालं नसेल तर रक्ताची गुठळी रोखणाऱ्या क्लोपिडोग्रेलला हृदयवाल्यांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

आणि मोठ्या डॉक्टरांना फोन कर की! कमीपणा कसला? 'सर, गोळ्या योग्य आहेत का?' असं विचारलंस तर 'चालू ठेवा' हेच उत्तर मिळेल. 'सर, झोपून १४२, उभं राहिल्यावर १०४, क्लोरथॅलिडोन (लघवीवाटे बीपी उतरवणारी गोळी) थांबवते, दोन आठवड्यांनी कळवते' असं सांग. ओपीडीत चार मिनिटांत त्यांना हा आकडा दिसणं शक्यच नव्हतं. तू घरात उभी आहेस, तुला दिसतो.

गोळीनं गोळी कशी वाढते ते एकदा पेपरवर मांडून बघ. बीपीच्या अम्लोडिपिननं घोटे सुजले. सूज म्हणून लघवी वाढवणारं लॅसिक्स आलं. लॅसिक्स संध्याकाळी घेतलं, रात्री चारदा उठणं आलं. झोप मोडते म्हणून झोपेची गोळी. गुंगीत उठताना पडल्या, अंग दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक. त्यानं बीपी चढलं, म्हणून अम्लोडिपिन दुप्पट. ही साखळी पहिल्या कडीलाच तोडायची असते, आणि पहिली कडी फक्त ओतलेल्या पिशवीत सापडते. म्हाताऱ्या माणसात नवी तक्रार आली की आधी औषधावर संशय घे, वयावर शेवटी.

माझ्याबद्दल गावात काय बोलतात ते तुझ्या कानावर आलंच असेल. हा डॉक्टर व्हिजिटचे पैसे घेऊन गोळ्या मोजत बसतो, देत काही नाही, उलट काढून घेतो. म्हणू देत. एका घरी पाऊण तास गेला म्हणून दिवसाची घरं कमी होतात, मिळकत कमी होते, हे खरंच आहे. पण पाच मिनिटांत एक इंजेक्शन टोचून निघायचं असेल तर आजींना रिक्षात घालून दवाखान्यात आणलेलं काय वाईट? सलाईनचंही तेच. पुण्याचा नातू व्हिडिओ कॉलवर 'ताकदीचं सलाईन लावा' म्हणेल. त्याला सांग, पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर, म्हणजे १०० कॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीत याहून जास्त असतं. आणि नॉर्मल सलाईनच्या लिटरभर बाटलीत ९ ग्रॅम मीठ, तेवढं मीठ थकलेल्या हृदयाला झेपत नाही. मी या हट्टापायी घरं गमावलीत. परत जाऊन लावीन असं वाटत नाही.

बाकीचं थोडक्यात, कारण ते तुला येतं. अंथरुणाला खिळलेल्यांना जखमा होऊ नयेत म्हणून टाचा उशीवर नाही, पोटरीखाली उशी घालून अधांतरी ठेव. बुडाखाली हवेची गोल रिंग नको. लघवी नुसती गढूळ दिसली म्हणून अँटिबायोटिक नको, ताप किंवा पोटदुखी हवी. पातळ जुलाब सुरू झाले तर आधी गुदद्वारात बोट घालून बघ, वर शौचाचा खडा अडकून बाजूनं पाणी गळत असतं. उलटी-जुलाब झाले, खाणं सुटलं, की नीट जेवू लागेपर्यंत मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी थांबवायची, हे कागदावर आधीच लिहून ठेव. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या घराला तुझा फोन लागेलच असं नाही. पडल्यावर पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, किंवा तोंड एका बाजूला गेलं, तर पिशवीबिशवी सगळं विसर आणि १०८ बोलाव.

कागद दोन कर. घरासाठी देवनागरीत ठसठशीत, सकाळ-दुपार-रात्र, कपाटाच्या दाराला आतून चिकटव. हॉस्पिटलसाठी इंग्रजी लिपीत मूळ नावं, डोस आणि तू काय, कधी, कशासाठी थांबवलंस ते. हा कागद आधार कार्डासोबत ठेवायला सांग. जुनी औषधं घरात ठेवू नकोस, सूनबाईच्या देखत वेगळी बांधून घेऊन ये. ठेवलीस तर आठवड्यात परत सुरू होतात.

शनिवारी जाशील तेव्हा सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिनसाठी रक्त घे. क्लोरथॅलिडोनवर असलेल्या बाईत सोडियम १२५ पर्यंत घसरलेलं असू शकतं आणि घरचे त्याला 'वयानं विसरायला लागल्या' म्हणत असतात. नमुना डिकीत हिंदकळत उशिरा पोचला तर पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं चढलेलं दिसतं. तेव्हा लॅबच्या पोराची वेळ आधी ठरव, मग आजींच्या घरी जा. आकडे आले की पाठव.