टर्नटेबल रूप बघून घ्यावं काय?

प्रश्न: सर, नमस्कार. महागातलं टर्नटेबल घ्यायचं ठरलंय, पण घरात एकमत होईना. मला लिनचं एलपी१२ आवडलंय, जुन्या वळणाचं, लाकडी. पोराला मिचेलचं गायरोडेकच पायजे, त्या फिरणाऱ्या सोनेरी वजनांवर तो फिदा. बायको म्हणते झाकण नसलं तर हॉलमध्ये आणायचंच नाही. आमचं घर जुनं, हॉल माडीवर, खाली लाकडी तक्तपोशी. रेकॉर्डी आजोबांच्या, त्यात कुमार गंधर्वांच्या लहानपणीच्या पण हाईत. नुसत्या रूपावर एवढे पैसे घालणं येडेपणा काय ओ?
(टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर: येडेपणा कशाचा, रोज डोळ्यासमोर राहणारी वस्तू हाय, आवडली नाही तर चार महिन्यांत तिच्यावर कपड्यांच्या घड्या पडतात. फक्त जे छान दिसतंय ते काम काय करतंय एवढं विचारायचं. गायरोडेकची ती वजनं शोभेची नाहीत, प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकाच्या, कडेखाली लटकून ती फिरण्यातली जडता वाढवतात, म्हणजे वेग हलत नाही. टेक्निक्स कंपनीच्या टर्नटेबलात प्लॅटरच्या कडेवरचे ठिपके पण तसेच, नक्षी वाटते पण वेग बरोबर हाय का ते त्यावरनं दिसतं. उलट लिनचं लाकूड अक्रोडाचं घ्या नाहीतर चेरीचं, तिथं मी तरी फक्त डोळ्यांचे पैसे देईन, कानाचे नाही.

आता तुमची खरी अडचण. लिन काय, गायरोडेक काय, दोन्ही स्प्रिंगवर तरंगणारी. माडीवर कोण धपाधप चाललं की फळी हलते, स्प्रिंगा डोलतात आणि सुई उडी मारते. भिंतीत ब्रॅकेट ठोकून त्यावर ठेवा, जुन्या घराच्या जाड भिंतीला काय होत नाही. झाकणाचं वहिनींचं बरोबर हाय, आपल्याकडं उन्हाळ्यात लाल धूळ किती बसते सांगायला नको. पूर्ण गायरोडेकला झाकण मिळतं, त्याचंच गायरो एसई म्हणून उघडं मॉडेल येतं ते मात्र घेऊ नका.

आणि एक गोष्ट तुम्ही तिघांनी पण विचारली नाही! लहानपणीच्या कुमारजींच्या रेकॉर्डी म्हणजे ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे), १९३० च्या दशकातल्या. तुमच्या दोन्ही पसंतीच्या मशीनवर साध्या रूपात ७८ चा वेग नसतोच. टेक्निक्सच्या आत्ताच्या एसएल-१२०० मॉडेलांवर असतो, पण सुई तरी वेगळीच लागणार, कारण ७८ च्या खाचा एलपीपेक्षा, म्हणजे नंतरच्या ३३ च्या रेकॉर्डींपेक्षा, कितीतरी रुंद, एलपीची सुई त्यात तळाला घासत जाते, आवाज खरखरीत येतो आणि सुई पण लवकर जाते. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा माणूस, म्हणजे कुमारजी, आपल्या घरात नीट गायला पाहिजे असेल तर मी टेक्निक्सच सांगेन, दिसायला डीजेचं यंत्र वाटतं ते वाटू दे. पोराला राग येईल, त्याला हेडशेल, म्हणजे सुई बसवलेला पुढचा सुटा भाग, बदलायचं काम द्या.

प्रश्न: जेवढं जड तेवढं भारी, असं दुकानदार म्हणतोय. खरं काय?
(निपाणी)

उत्तर: नाही ओ. रेगा कंपनीवाले टर्नटेबल मुद्दाम हलकं आणि कडक बनवतात, कंप साठून राहू नये म्हणून. जड मशीनवाल्यांचं म्हणणं उलटं, वजनानं कंप दाबायचा. दोन्ही पद्धतीनं उत्तम मशीन निघतात. दुकानात गेला की डोळे मिटून तीच रेकॉर्ड दोन्हीवर ऐका, आणि कुठलं चालू हाय ते दुकानदाराला सांगू देऊ नका.