वाचकांचे प्रश्न : अल्बर्ट हिल

प्रश्न : तिशी उलटलेल्या अल्बर्ट हिल यांनी ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके कशी मिळवली?

उत्तर : १८८९ मध्ये जन्मलेले हे ब्रिटिश हौशी धावपटू मुळात लांब पल्ल्याचे, १९१० मध्ये ते चार मैलांच्या शर्यतीत राष्ट्रीय विजेते ठरले. पहिल्या महायुद्धाने उमेदीची वर्षे हिरावून घेतली, तरी प्रशिक्षक सॅम मुसाबिनी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मध्यम पल्ल्यावर लक्ष केंद्रित केले आणि १९२० मध्ये अँटवर्पच्या (बेल्जियम) ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर १ मिनिट ५३.४ सेकंदांत जिंकून, दोनच दिवसांनी १५०० मीटरही जिंकले. त्या शर्यतीत दुसरे आलेले फिलिप बेकर पुढे शांततेच्या नोबेलचे मानकरी झाले. माझ्या मते हिल यांचे मोठेपण वेळेपेक्षा या चिकाटीतच अधिक आहे. पुढे ब्रिटिश धावपटू सिडनी वूडरसन यांना प्रशिक्षक म्हणून हिल यांनीच घडवले.