नागावात बंगल्यांच्या वसाहतीतून समुद्रापर्यंत गोल्फ कार्ट नेता येईल का?

फाटकाच्या आत खुशाल चालवा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या व्याख्येतून केवळ बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली वाहनं वगळली आहेत. फाटकाबाहेर, गावच्या रस्त्यावर मात्र नाही. तिथे नोंदणी, विमा आणि परवाना तिन्ही लागतात आणि साध्या गोल्फ कार्टला नंबर प्लेट मिळत नाही. "बॅटरीवर चालते, मग परवाना कशाला?" असं विक्रेते सांगतात. ती सवलत 250 वॅटपर्यंतच्या आणि ताशी 25 किमीच्या आतल्या दुचाकींसाठी आहे. कार्टची मोटर तीन-चार हजार वॅटची असते.

मला खरी काळजी मुलांची वाटते. सुट्टीत बारा-तेरा वर्षांची पोरं कार्ट घेऊन निघतात. आपल्या पाखाड्या अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वळणावर समोरून येणारी सायकल दिसतच नाही. अल्पवयीन मुलाने सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला, तर कलम 199अ खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

आजी-आजोबांना किनाऱ्यावर न्यायचं असेल तर नोंदणी असलेली ई-रिक्षा सांगा. गावातल्या कुणाला तरी चार पैसेही मिळतील.